जयपूरचे उस्ताद

राजस्थानात जुन्या मोटारींचा विषय निघाला की अलवरच्या महाराजांची गोष्ट ठरलेली. लंडनच्या दुकानात त्यांचा अपमान झाला, म्हणून त्यांनी रोल्स-रॉइस विकत घेतल्या आणि त्यांना झाडू बांधून शहराचा कचरा काढायला लावला. हीच गोष्ट पतियाळ्याची म्हणून ऐकायला मिळते, भरतपूरची म्हणून आणि हैदराबादच्या निजामाची म्हणूनही. माझे आजोबा ती ऐकली की मान हलवायचे. जयपूर संस्थानातल्या एका ठिकाण्याच्या, म्हणजे ठाकुराच्या जहागिरीच्या, मोटरखान्यात ते कोठी सांभाळत, म्हणजे तेल, टायर, सुटे भाग यांचा हिशेब त्यांच्याकडे. ते म्हणत, "झाडू बांधला असेल तर टायर वाचवायला बांधला असेल. टायरची किंमत तुम्हाला माहीत नाही." त्यांचं म्हणणं मला पटतं. १९३६मध्ये पॅलेस्टाईनमध्ये संप झाला तेव्हा रस्त्यांवर खिळे टाकले जात, ते बाजूला सारायला मोटारींच्या पुढच्या चाकांसमोर झाडू बांधत. तशी छायाचित्रं आजही पाहायला मिळतात.

आमचं घराणं ग्वाल्हेरहून आलेलं, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. जयपूर दरबाराचे छत्तीस कारखाने होते: रथखाना, फीलखाना, पालकीखाना, पोथीखाना. मोटार आली तेव्हा तिच्यासाठीही 'खाना' उभा राहिला आणि ठिकाण्यांनीही तीच रीत उचलली. आजोबा सांगायचे, सुरुवातीला सुटा भाग मुंबईहून यायचा आणि मुंबईत तो बोटीनं यायचा. फोर्डनं १९२६मध्ये हिंदुस्थानात कंपनी काढली, जनरल मोटर्सनं १९२८मध्ये शिवडीला शेव्हरोले जुळवायला घेतल्या, तेव्हा काम बरंच सोपं झालं. मग युद्ध आलं. १९४२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कारखान्यांनी साध्या मोटारी बनवणंच थांबवलं. इथे पेट्रोलला रेशन लागलं आणि मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या चढल्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना त्या कोळशाच्या सर्व्हिस मोटारी अजून आठवतात. आजोबांच्या वहीत त्या वर्षांपासून एक नवी नोंद दिसू लागते: "यहीं बनाया." कोणी बनवला ते मात्र त्या वहीत लिहिलेलं नाही, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे.

पुढचा इतिहास माहितीचाच आहे. १९४९मध्ये राजस्थान झालं, १९७१मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले आणि मोटरखाने रिकामे होऊ लागले. परदेशी दलाल गाड्या उचलून नेत होते. १९७२मध्ये सरकारनं जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली, म्हणून ज्या उरल्या त्या उरल्या. त्याच सुमारास माझ्या काकांनी एका ठाकूरसाहेबांकडून १९३०ची फोर्ड मॉडेल ए घेतली. चार सिलिंडर, सव्वातीन लिटरचं इंजिन, चाळीस हॉर्सपॉवर. तिच्यात पेट्रोलचा पंपच नाही. डॅशबोर्डच्या मागे टाकी, तिथून पेट्रोल आपल्या वजनानं कार्ब्युरेटरमध्ये उतरतं.

अशी गाडी चालू ठेवायची तर भाग शोधावे लागतात आणि सल्लाही शोधावा लागतो. मॉडेल ए जवळपास पन्नास लाख बनल्या, त्यामुळे अमेरिकेत तिचा भाग न् भाग आजही नवा मिळतो. पण आपल्याकडच्या फोर्ड कॅनडामार्गे आल्या, त्यांचं स्टिअरिंग उजव्या हाताला. अमेरिकेचा कॅटलॉग तिथे थांबतो. काकांना हे कळायला फार वेळ लागला, आणि कळलं ते दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या एका वृद्ध दुकानदाराकडून: "उजव्या बाजूचा माल पाहिजे तर ऑस्ट्रेलियात लिहा." हे खरंच निघालं. ज्या देशांत गाड्या डावीकडून चालतात तेच या कामात आपले सोयरे. दुसरं शिक्षण आट्यांचं. इंग्रजी गाडीला व्हिटवर्थचे आटे, अमेरिकन गाडीला वेगळे. दोन्हीकडे मिस्त्री सुतातच बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच. पण एकाचा बोल्ट दुसऱ्यात जोरानं घातला की ब्लॉकचे आटे कायमचे जातात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भाग उचलणाऱ्यानं खिशात आटे मोजायची पट्टी ठेवावी, असं मी कळकळीनं सांगेन.

जे कुठेच मिळत नाही ते बनवावं लागतं. मॉडेल एच्या बेअरिंग आजच्यासारख्या पाकिटात येत नाहीत. कनेक्टिंग रॉडच्या पोटात व्हाइट मेटल वितळवून ओतावा लागतो. कथील जास्त, त्यात अँटिमनी आणि तांबं. हे काम आमच्या उस्तादांनी, म्हणजे आमची फोर्ड सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी, माझ्यासमोर केलं. आधी रॉडचं पोट घासून स्वच्छ केलं, नवसागर टाकून त्याला कल्हई केली, अगदी पितळेच्या पातेल्याला करतात तशी. कल्हई नसेल तर धातू धरत नाही, सुटून येतो. मधोमध ठेवायचा गज दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळीनं काळा केला, म्हणजे तो चिकटत नाही. फटी मातीनं बुजवल्या, पण माती रात्रभर वाळवलेली. "ओल राहिली तर धातू उसळून डोळ्यात येईल," म्हणून त्यांनी मला दोन पावलं मागे सरायला लावलं. थर्मामीटर नव्हता. वाळकी काडी त्यांनी धातूत बुडवली. ती नुसती तपकिरी झाली तेव्हा ते थांबले, काळी पडली तेव्हा पळी उचलली. ओतताना धार तुटू दिली नाही. मग दिवसभर निळा रंग लावायचा, फिरवून पाहायचं, जिथे डाग उमटेल तिथे खरवडायचं. टोपीखाली पातळ शिम ठेवले, पुढे झीज झाली की एक-एक काढून कसता यावं म्हणून.

जयपूरच्या हातांविषयी इथली वडीलधारी माणसं आणखी एक गोष्ट सांगतात. सवाई मानसिंग हॉस्पिटलातले कारागीर रामचंद्र शर्मा रबराचा पाय कसा करावा या विचारात होते आणि टायर रिट्रेड करणाऱ्याच्या दुकानात त्यांना वाट सापडली. १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठींच्या सोबतीनं 'जयपूर फूट' उभा राहिला, सेठींना १९८१मध्ये मॅगसेसे मिळाला. आमच्या फोर्डच्या इंजिनाखालचे रबरही अशाच एका दुकानाच्या भट्टीत भाजून निघाले.

रोल्स-रॉइसच्या जुन्या चासींची कार्डं इंग्लंडमध्ये तिथल्या क्लबनं जपली आहेत. गाडी कोणी मागवली, बॉडी कोणी बांधली, सगळं नंबरावरून सापडतं. आपल्याकडे विंटेज मोटारींच्या रॅलीत गाडीपुढे पाटी लागते, तिच्यावर राजाचं नाव असतं आणि आजच्या मालकाचं असतं. ऐंशी-नव्वद वर्षं तिनं रस्ता धरला तो कोणाच्या हातांमुळे, हे पाटी सांगत नाही. २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नोंदणीला वीस हजार रुपये. त्या नोंदणीच्या फाइलमध्ये ओतकाम करणाऱ्याचं, रबर भाजणाऱ्याचं, लाकडी सांगाडा बदलणाऱ्याचं नाव घालायला एक कागद पुरेल. तो लावलाच पाहिजे, कारण उस्तादांचं ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही आणि त्यांचं वय झालं आहे.

सल्ल्याची गरज तर आता वाढलीच आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि आमच्या फोर्डचं पेट्रोलचं मीटर बसलं. त्याचा फ्लोट बुचाचा, वर लाखेचं रोगण. लाख पाण्यानं, पेट्रोलनं हलत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. बूच पेट्रोल पिऊन जड झालं, आणि टाकी भरलेली असून मीटर रिकामी दाखवू लागलं. लाखेच्या बांगड्यांच्या या शहरात उस्तादांनी लाखेला नकार दिला आणि त्रिपोलिया बाजारातल्या एका ठठेऱ्याकडून, म्हणजे तांबटाकडून, पातळ पितळेची पोकळ डबी झाळून आणवली, वजन जुन्या बुचाइतकंच. बसवण्याआधी ती गरम पाण्यात बुडवून धरली. आतली हवा फुगते, भोक असेल तर तिथून बुडबुडा निघतो. एका कडेला एक निघाला. उस्तादांनी तिथे खिळ्यानं खूण केली आणि डबी परत पाठवली.