रविवारची सुट्टी : मागून नव्हे, लढून

१/ शनिवार-रविवार आला की वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये सिनेमाला गर्दी होते, मित्रांचे अड्डे जमतात, आठवड्याचा बाजारहाट उरकला जातो. या फुरसतीचा उगम खाडीपलीकडच्या गिरणगावात आहे. 🧵

२/ १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने बालकामगारांना महिन्यातून ४ सुट्ट्या दिल्या. प्रौढ कामगारांच्या वाट्याला मात्र कायद्याने एकही सुट्टी आली नाही.

३/ सत्यशोधक चळवळीतील महात्मा फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे ५,५०० सह्यांच्या निवेदनात पहिली मागणी होती रविवारच्या पूर्ण सुट्टीची. सोबत दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई.

४/ २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती सक्तीची झाली.

५/ तेव्हा मागितला होता तो सर्वांचा एकच दिवस. आज तिकीट तपासणाऱ्याची, जेवण पोहोचवणाऱ्याची सुट्टी मिळालीच तर आडवारी येते, जेव्हा त्याचे मित्र कामावर असतात. आपला रविवार त्याच्या श्रमावर उभा आहे. म्हणूनच १८८४ चे ते निवेदन अजून जुने झालेले नाही.