न्यूट्रॉनचा पाट



पांझरेकाठच्या फडातला शेतकरी जाणतो, की बंधारा कितीही भरलेला असो, पाट गळका असेल तर शेवटचे वावर कोरडेच राहते. अणुसंशोधनातही नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

तुर्भे येथे ऑगस्ट १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टीतून निघणारे न्यूट्रॉन पदार्थातील अणूंची मांडणी दाखवितात. परंतु ते चहूकडे पांगतात, आणि भट्टीजवळ नको असलेल्या किरणांचीही गर्दी असते. त्यांना दूर, निवांत जागी न्यावे कसे? १९६० नंतरच्या काही वर्षांत म्युनिकच्या मायर-लाइबनिट्झ यांनी मार्ग दाखविला. गुळगुळीत निकेलवर मंद न्यूट्रॉन अगदी तिरपा आदळला, तर तो आत न शिरता परततो. म्हणून आतून निकेल चढविलेली चौकोनी नळी करावयाची आणि तिला किंचित बाक द्यावयाचा. मंद न्यूट्रॉन वळणाने पुढे जातात. वेगवान न्यूट्रॉन व गॅमा किरण सरळ जाऊन भिंतीत जिरतात. तुर्भ्यालाच १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ भट्टीत असे पाट बसविले गेले.

ही एक प्रकारची कल्हईच! फक्त भांडे बहुधा काचेचे, कारण काच अतिशय गुळगुळीत असते. पण पुष्कळ काचांत बोरॉन असतो. तो न्यूट्रॉन गिळतो आणि स्वतः फुटतो. काचेच्या पृष्ठभागाशी ताण साचत जातो. नळी निर्वात, बाहेरून हवेचा दाब. भट्टीजवळची काच अखेर तडकू शकते. धातू हा मारा अधिक सोसतो, परंतु त्याला काचेसारखी झिलई येत नाही. म्हणून जपानी संशोधकांनी ॲल्युमिनियमवर निकेल-फॉस्फरसचा लेप दिला, तो घासून गुळगुळीत केला आणि त्यावर परावर्तक थर चढविले. दोन पदार्थांचे पातळ थर एकाआड एक देण्याची युक्ती मेझेई यांनी १९७६ मध्ये सुचविली होती. एका धातूने भार सोसावा, दुसऱ्याने झिलई धरावी, तिसऱ्या थराने न्यूट्रॉन परतवावा, अशी ही श्रमविभागणी आहे.

मी कामगारांत वाढलेला माणूस. जे शिकलो ते पुस्तके चाळून. इतिहासात शोधकाचे नाव राहते, ते योग्यच. पण या पृष्ठभागाचा खडबडीतपणा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी लागतो. तो तसा करणाऱ्या हातांची नोंद कोण ठेवतो? कल्हईवाल्याचे नाव भांड्यावर नसते. त्याचे काम कच्चे राहिले, तरच ताक कळकते आणि घराला त्याची आठवण होते.