उपसणे आणि ढवळणे : प्रवाळांच्या टाकीतील पंपाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र लाभलेला नाही. खारे पाणी मात्र आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि लोणारचे सरोवर ही त्याची दोन ठिकाणे सर्वपरिचित आहेत. तथापि या खारेपणावर विसंबून कोणी सागरी प्रवाळे पाळू म्हणेल तर ते साधणार नाही. लोणारचे पाणी सोड्याचे आहे. त्याचा पीएच मान १० च्या आसपास असतो आणि प्रवाळास सांगाडा बांधण्यासाठी जे कॅल्शियम लागते ते त्यात फारच थोडे. खामगाव किंवा मलकापूर येथील हौशी गृहस्थास शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम तयार सागरी मीठ विरघळवूनच आरंभ करावा लागेल. मीठ विकत मिळते. समुद्राची हालचाल मात्र यंत्राने निर्माण करावी लागते, आणि ते यंत्र कसे निवडावे हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे.

भाषेच्या अभ्यासकाने पंपावर लिहावे यास कारण आहे. मराठीत या यंत्रास प्रथम ‘बंब’ हे नाव मिळाले. ते पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आले असे मानतात. पुढे बंब आग विझविण्यास व स्नानाचे पाणी तापविण्यास गेला आणि शेतात ‘पंप’ राहिला. किर्लोस्करवाडीस १९२६ च्या सुमारास केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागले, तेव्हा त्यांनी मोट आणि रहाट यांचीच जागा घेतली. म्हणून आपल्या मनात पंप म्हणजे उपसण्याचे यंत्र. किती अश्वशक्तीचा आणि पाणी किती फूट चढवितो, हेच आपण विचारतो. ढवळणे व घुसळणे ही क्रियापदे रवीच्या घरची. त्यांचा पंपाशी संबंध आपण जोडीत नाही. प्रवाळांच्या टाकीस नेमके ढवळणे हवे असते, आणि ही गोष्ट यंत्रकारांच्या ध्यानी येण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये वनस्पती व मासे यांचा समतोल राखून पाणी न बदलता टाकी टिकविता येते असे दाखविले. या विचारात पाण्याच्या गतीस महत्त्वाचे स्थान नव्हते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या ग्रंथाने घरोघरी काचेच्या टाक्यांची हौस पसरविली. त्यांतील पुष्कळ टाक्या नासल्या. विल्यम आल्फर्ड लॉइड याने यावर उपाय काढला. हॅम्बुर्ग (१८६४) व लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथे त्याने तळघरातील अंधाऱ्या हौदात पाण्याचा मोठा साठा ठेवला. पंप ते पाणी अखंड वर चढवी आणि ते टाक्यांतून वाहत पुन्हा हौदात उतरे. खाऱ्या पाण्यास धातूचा स्पर्श होऊ नये याकडे त्याचा कटाक्ष असे. लॉइडची योजना थोर होती, पण ती उपसण्याचीच होती. टाकीच्या आतल्या पाण्याला वेग किती, हा प्रश्न तिच्यात गौण होता. मुंबईत चर्नी रोडजवळ १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेथे निदान समुद्र दाराशी होता. आपल्या गृहस्थास तीही सोय नाही.

ढवळण्याची बाजू प्रथम हौशी मंडळींनी मांडली. इंडोनेशियातील ली चिन एंग याने १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. जिवंत खडक, प्रवाळे आणि हवेचे बुडबुडे, एवढाच तिचा संभार. बुडबुडे वर जाताना पाण्यास सोबत नेतात, म्हणजे येथे पंपाचे काम हवा करते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी याने १९८० च्या सुमारास प्रवाळभित्तीचे प्रदर्शन उभारले. त्यात भरून उलटणाऱ्या पात्राने लाट निर्माण केली जाई. पंपाच्या पात्यांत प्लवक चिरडले जाते ही एडीची तक्रार आजही विसरण्याजोगी नाही. बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याच दशकात जोरदार प्रवाहावर भर देऊन कठीण प्रवाळे वाढविली.

प्रवाहाची एवढी गरज का? प्रवाळ एका जागी खिळलेले असते. त्याच्या पृष्ठभागाशी पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर चिकटून राहतो आणि प्राणवायू, अन्न व उत्सर्जित द्रव्ये यांची ये-जा त्यातूनच होते. प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो. पॉल जोकिएल याने १९७८ मध्ये हवाईतील प्रवाळांवर पाण्याच्या गतीचा परिणाम दाखविला. १९९८ च्या उष्णतेनंतर ओकिनावा येथील प्रवाळांवर नाकामुरा व व्हान वूसिक यांनी काम केले. अधिक प्रवाहातील प्रवाळे तगून राहण्याचा संभव अधिक, असे त्यातून दिसले.

जुने बुडते पंप अरुंद तोंडातून वेगवान धार सोडीत; ती समोरच्या प्रवाळाचे मांस सोलून काढी आणि कोपरे मात्र मेलेले राहत. २००० नंतरच्या दशकात रुंद तोंडाचे, पंख्यासारख्या पात्याचे पंप रूढ झाले. पुष्कळ पाणी संथपणे सारावयाचे तर थोडी वीज पुरते. उलट, असा पंप पाणी वर चढवू शकत नाही. खालच्या टाकीतून पाणी वर आणण्यास केंद्रोत्सारी पंपच हवा. दोन्ही कामे एकाच पंपाकडून करवून घेण्याचा मोह टाळावा. विक्रेते ताशी लिटर सांगतात. मऊ प्रवाळांस टाकीच्या १० ते २० पट, कठीण प्रवाळांस ३० ते ५० पट, असा एक संकेत आहे. २०० लिटरांच्या टाकीत ४० पट म्हणजे ताशी ८,००० लिटर. माझ्या मते हा आकडा आरंभापुरता घ्यावा. समुद्राचे पाणी येते आणि परत फिरते. म्हणून एका मोठ्या पंपापेक्षा समोरासमोर आलटून पालटून चालणारे दोन लहान पंप बरे.

विदर्भात उष्णतेचा हिशेबही करावा लागतो. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सारी शेवटी उष्णता होते. उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरल्यास २० वॅटचा पंप २०० लिटर पाणी दिवसात सुमारे २ अंशांनी तापवील, ८० वॅटचे पंप ८ अंशांनी. मलकापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो आणि प्रवाळास २५ ते २७ अंश मानवतात. तेव्हा काचेबाहेर मोटर ठेवून चुंबकाने पाते फिरविणारे पंप महाग असले तरी येथे विचारात घेण्याजोगे आहेत.

टाकीत काय ठेवावे यासही मर्यादा आहे. कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. मालवणच्या खडकावरून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे.

शेवटचा प्रश्न वीज जाण्याचा. २७ अंशांच्या समुद्रजलात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रात्री प्रवाळातील शैवालही तो निर्माण करीत नाही, उलट खातेच. पाणी थांबले की गर्दीच्या टाकीत काही तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागतात. भारनियमनाची वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना हे निराळे सांगावयास नको. म्हणून दोनांपैकी निदान एक पंप एकदिश विजेवर, बारा किंवा चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा असावा, आणि तो पृष्ठभाग हलेल इतक्या उंचीवर बसवावा.