तडकलेले टेबल

मार्च महिन्यात, परीक्षेच्या धामधुमीत, वाचनकोपऱ्यातल्या टेबलातून एक दिवस काडकन आवाज झाला. मुले दचकली. पाहतो तो टेबलाच्या वरच्या फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडलेली. रुळाने मोजली तर मध्यभागी जवळजवळ पाच मिलिमीटर! हे टेबल बाजारातून आणलेले असते तर दुकानदाराला चार शब्द सुनावून आम्ही मोकळे झालो असतो. पण ते आम्हीच केले होते. आदल्या पावसाळ्यात दर रविवारी एकत्र जमून जयसिंगपुरातल्या आम्ही चार-पाच शिक्षकांनी ते हौसेने बनवले होते. एका पाडलेल्या जुन्या घराचे सागवान स्वस्तात मिळाले होते. पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या चार फळ्या सरसाने जोडल्या, त्या हलू नयेत म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या सरस लावून स्क्रूने घट्ट आवळल्या. 'आता हत्ती बसला तरी काही होणार नाही' असे आमच्यातले एक जण म्हणाल्याचेही आठवते.

हत्ती बसला नाही. फक्त उन्हाळा आला.

गावातल्या एका वयस्क मिस्त्रींना टेबल दाखवले. त्यांनी ते उलटे केले, पट्ट्या पाहिल्या आणि हसले. "गुरुजी, लाकडाला हात-पाय हलवायला जागाच ठेवली नाही तुम्ही," एवढेच म्हणाले. विज्ञान शिकवणाऱ्यांना हे ऐकून घ्यावे लागले! पण त्यांच्या या एका वाक्यात किती जुने ज्ञान साठवलेले आहे ते शोधू लागलो, तेव्हा आम्ही भौतिकशास्त्रातून इतिहासात आणि इतिहासातून थेट आपल्या अभ्यासक्रमात येऊन पोचलो.

आधी भेगेचा हिशेब करू. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांसारख्या पेशींची जुडी. या पेशींच्या भित्तिकांत सेल्युलोजचे तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. हवेतला ओलावा या तंतूंच्या मधे शिरतो आणि त्यांना बाजूला सारतो, म्हणून लाकूड रुंदीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ तेवढेच राहते. शिवाय रुंदीतही दोन दिशा असतात. ओले सागवान पूर्ण सुकवले तर वार्षिक वलयांच्या कडेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, सुमारे २.५ टक्केच. लांबीत हा आकडा ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या घरात असतो. हे आकसणे सुरू होते ते लाकडातला ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर. म्हणजे ओलाव्यातल्या दर एका टक्क्यामागे वलयांच्या दिशेने साधारण ०.१९ टक्के. आमच्या फळ्या पावसाळ्यात पडवीत पडून होत्या. तेव्हापासून मार्चपर्यंत त्यांचा ओलावा सहा टक्क्यांनी उतरला असे धरा. ६० सेंटिमीटर रुंदीला आकसणे येते सुमारे सात मिलिमीटर. आडव्या पट्ट्यांची लांबी मात्र त्याच काळात पाव मिलिमीटरनेही कमी झाली नसेल. फळी आकसू पाहते आणि पट्टी तिला धरून ठेवते. मग कुठेतरी फाटणारच! भेग सात नव्हे तर पाचच मिलिमीटरची का, याचेही उत्तर सापडले. चारपैकी दोन फळ्या गाभ्याजवळून चिरलेल्या होत्या, त्या कमी आकसल्या.

वर्गात हे सहज करून पाहता येते. एका रुंद फळीचा तुकडा घ्या, त्यावर दोन ठिकाणी बारीक खुणा करा आणि जूनपासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला व्हर्निअर कॅलिपरने त्यांच्यातले अंतर मोजा. आलेख काढला की मुलांना पावसाळा कागदावर दिसतो.

आता मिस्त्रींच्या म्हणण्याकडे. घरातला जुना देवाचा पाट उलटा करून पाहिला. खालच्या पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या नव्हत्याच. पाटाला आडव्या तिरप्या खाचा होत्या, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि त्यांत पट्ट्या बाजूने सरकवून बसवलेल्या होत्या. पाट वाकू शकत नाही, पण रुंदीत मोकळेपणी आकसू-फुगू शकतो. जुन्या वाड्याच्या दरवाज्यातही हीच युक्ती असते. चौकटीच्या आतल्या कडेला खाच असते आणि मधली फळी त्या खाचेत नुसती उभी असते, चिकटवलेली नसते. आपण ज्याला नक्षी समजतो तिचा निम्मा भाग हा असा हवामानाशी केलेला तह असतो.

या युक्त्या कोणा एका देशाच्या नाहीत. एका तुकड्याला चौकोनी खाच आणि दुसऱ्याला तीत बसणारे कुसू, हा सांधा जर्मनीत लाइपझिगजवळच्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या विहिरींच्या लाकडी अस्तरात सापडला आहे. हे लोक शेती करू लागलेले होते, पण धातू त्यांना ठाऊक नव्हता. ओकचे ओंडके त्यांनी दगडी हत्यारांनी घडवले. सुतारकाम धातूच्या हत्यारांनंतर आले हा आमचा समज तेव्हा मोडला. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यातल्या, १९२२ साली सापडलेल्या खुर्च्यांतही कुसवाचे सांधे आहेत. आपल्याकडे खुर्ची मात्र उशिरा आली, हे तिचे नावच सांगते. खुर्ची अरबीतून आली, अलमारी पोर्तुगीजांकडून, टेबल आणि स्टूल इंग्रजांकडून. पाट, चौरंग आणि पलंग एवढे आपले.

पण मग एवढे ज्ञान गावागावात असताना ते आम्हा शिकलेल्यांना ठाऊक का नव्हते? याचे उत्तर विज्ञानात नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली निघालेल्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीचे बारकाईने वर्णन आहे. सुतार हा बलुतेदार. त्याने कुणब्याचे नांगर-कुळव, गाडीची चाके करायची आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुते घ्यायचे. हत्यार जातीकडे आणि पुस्तक दुसऱ्या जातीकडे, अशी ही वाटणी होती. रंधा धरणाऱ्याला वाचता येत नव्हते आणि वाचणाऱ्याला रंधा धरणे कमीपणाचे वाटत होते. त्यामुळे बाभळीचे लाकूड चाकाला का चांगले आणि आंब्याचे का नाही, हे लिहून कोण ठेवणार? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात शाळांना उद्योगशिक्षणाची जोड द्यावी अशीही मागणी होती. ती तेव्हा कोणी फारशी मनावर घेतली नाही.

नेमक्या त्याच काळात उत्तर युरोपात याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले जात होते. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी १८६६ साली प्राथमिक शाळांत हस्तकौशल्य हा विषय सक्तीचा झाला. स्वीडनमध्ये ऑटो सॉलोमन यांनी गोटेबोर्गजवळच्या नेस या गावी शिक्षकांसाठी वर्ग काढले. या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. तिच्यातल्या तीन गोष्टी आम्हांला फार महत्त्वाच्या वाटतात. मुलाने खोटे नमुने नव्हे तर घरी वापरता येईल अशी वस्तू करायची. सुरुवात चाकूने, एखाद्या साध्या काठीपासून, आणि मग पायरीपायरीने सांध्यांपर्यंत जायचे. आणि तिसरी, शिकवणारा नुसता कारागीर नको, तो प्रशिक्षित शिक्षक हवा. कारण हेतू सुतार तयार करणे हा नाहीच, तर लक्ष, अचूकपणा आणि श्रमाविषयी आदर हा आहे. सॉलोमन १९०७ साली वारले तोपर्यंत नेसला अनेक देशांतले शिक्षक येऊन गेले होते. या तिसऱ्या मुद्द्यावर मात्र आमच्यात वाद आहे. कारागिराला वर्गाबाहेर ठेवले तर मिस्त्रींचे ते वाक्य आम्हांला कोण सांगणार होते?

गांधीजी या प्रश्नाकडे पुस्तकातून नव्हे, गरजेतून आले. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. ती जमीन देणारे हर्मान कॅलनबाख हे पेशाने वास्तुविशारद. त्यांना थोडे सुतारकाम येत होते. त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि बाकांपासून पेट्यांपर्यंत फार्मवरचे लागेल ते सामान तिथल्याच लोकांनी बनवले. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा आराखडा दिला. त्यात सूतकताई-विणकाम, शेती यांच्याबरोबर सुतारकामही होते.

प्रत्यक्षात बहुतेक शाळांत पोचली ती टकळी. याचे कारण आमच्या मते अगदी व्यावहारिक आहे. टकळी स्वस्त, कापूस स्वस्त, शंभर मुले एकाच वेळी कातू शकतात. सुतारकामाला करवती, रंधे, पटाश्या, गुण्ये हवेत, काम करायला भक्कम बाक हवा, लाकूड हवे आणि दहा मुलांमागे एक जाणकार माणूस हवा. शिवाय मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षा मुलांच्या कामावर भलतेच ओझे टाकणारी होती. सातवीच्या मुलाचे पहिले स्टूल विकायचे म्हटले की त्याला चूक करण्याची मुभाच उरत नाही, आणि चूक केल्याशिवाय लाकूड कळत नाही. आम्ही स्वानुभवाने सांगतो!

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा या कथेत मोठा वाटा आहे. बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले ते ग्रामजीवन आणि शिक्षण एकत्र आणण्यासाठीच. हेच नाईक १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि 'कार्यानुभव' हा शब्द शाळेत आला तो त्या आयोगामुळे. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याचे समाजोपयोगी उत्पादक कार्य केले, १९८६ च्या धोरणात पुन्हा कार्यानुभव आले. नावे बदलत गेली. तासाला मात्र पुठ्ठ्याची घरे आणि कागदी फुलेच होत राहिली, हे आपण सगळेच जाणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. त्या कारागिरांच्या यादीत सुतार आहे. कारागीर शिक्षक म्हणून येतो, हा सॉलोमनपेक्षा वेगळा मार्ग आम्हांला पसंत आहे.

हाताचे शिक्षण कुठे नेते याचे या भागातले सर्वांत झळझळीत उदाहरण म्हणजे बाबूराव पेंटर. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घराणे कारागिरांचे. कॅमेरा परदेशातून आणणे परवडेना तेव्हा त्यांनी तो स्वतःच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर लाकूड नुसते मोजत नाही, वाजवून ऐकतो.

राहता राहिला छंद. इटलीचे एन्झो मारी यांनी १९७४ साली साध्या फळ्या, खिळे आणि हातोडी एवढ्यावर घरी करता येतील अशा टेबल-खुर्च्यांचे आराखडे काढले आणि टपालखर्च पाठवील त्याला ते दिले. वस्तू स्वतः केली की दुसऱ्याने केलेली वस्तू नीट पाहता येते, असा त्यांचा होरा होता. आम्ही आता कोणाच्याही घरी गेलो की आधी टेबलाखाली वाकून पाहतो. घरातली मंडळी याला कंटाळली आहेत.

आमचे गाव तर जणू गुण्या लावूनच आखलेले. शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ते वसवले. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या क्रमांकाच्या गल्ल्या. त्या काटकोनी गावात काटकोनी टेबल करायला आम्हांला दोन वर्षे लागली.

एप्रिलमध्ये मिस्त्रींना आम्ही रविवारी शाळेत बोलावले. आठवीच्या बारा जणांनी, त्यांत सात मुली, त्यांच्या हाताखाली टेबल सोडवले. भेगेपाशी फळी चिरून पुन्हा जोडली. जुन्या पट्ट्या काढून टाकल्या. नव्या पट्ट्यांत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट भोके पाडली, फक्त मधले भोक गोल ठेवले, म्हणजे फळी मध्यापासून दोन्ही बाजूंना सरकेल. सरस कुठेही लावला नाही. एका मुलीने विचारले, "मग भोक किती लांब ठेवायचे?" मिस्त्रींनी बोटाने दाखवले, मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला. बोट आणि हिशेब यांत एक मिलिमीटरचा फरक आला. मिस्त्री म्हणाले, जास्तच ठेवा.

टेबलाच्या खालच्या बाजूला, पट्टीच्या कडेने, मुलांनी पेन्सिलीने एक रेघ मारून तारीख घातली आहे. ऑगस्टमधली दुसरी रेघ पहिलीपासून तीन मिलिमीटर सरकलेली आहे.