मायनर लीगची नोकरी

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, नाहीतर आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. उत्तर अमेरिकेत मात्र नुसतं 'हॉकी' म्हणजे बर्फावरची. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी 'पक' नावाची रबराची चपटी चकती. त्यातली सगळ्यात वरची लीग म्हणजे एनएचएल, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. एनएचएलच्या खाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल, आणि त्याच्याही खाली आज आहे उद्या नाही अशा छोट्या छोट्या लीग्ज असतात, हे मला इंडियानातल्या फोर्ट वेनला ऑनसाइट जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या गावात हिवाळ्यात करण्यासारखं फारसं काही नसतं. शनिवारी रात्री अर्धं ऑफिस 'कोमेट्स'ची मॅच बघायला जायचं, म्हणून मीही गेलो.

हा कोमेट्स संघ १९५२ सालापासून आहे. (स्पेलिंग 'सी'ऐवजी 'के'ने, कारण एका संस्थापकाच्या बायकोचं नाव कॅथरिन. बायकोला खूश ठेवायच्या अनेक तऱ्हा पाहिल्या, ही नवीन.) १९९० साली मालकाने संघ उचलून न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला नेला. तर गावातल्या एका कुटुंबाने फ्लिंट गावचा संघ विकत घेऊन इकडे आणला आणि त्याला पुन्हा 'कोमेट्स' नाव दिलं! ऑल्बनीला गेलेला संघ तिथे एक हंगामसुद्धा पुरा करू शकला नाही. शेजारी बसलेला सहकारी मला सांगत होता, तो अमुक नंबरचा खेळाडू उन्हाळ्यात छपरं बसवायची कामं करतो. मला वाटलं गंमत करतोय. पण नंतर कित्येक वीकांत मी याच विषयावर वाचण्यात घालवले. कारण एवढंच, की पडद्यावर सिनेमातला हिरो असतो तसा खेळाडू आपल्या डोक्यात असतो. हे लोक तर आपल्यासारखे नोकरदार निघाले.

सुरुवात होते १९०४ साली, तीही कॅनडात नाही, तर मिशिगनच्या उत्तर टोकाला. हॉटन हे तांब्याच्या खाणींचं गाव, आणि तिथे डॉक गिब्सन नावाचा दातांचा डॉक्टर. हा मूळचा ऑन्टॅरिओमधल्या बर्लिनचा (आजचं किचनर). १८९८ साली त्याच्या संघाने शेजारच्या वॉटर्लूला हरवलं, तेव्हा महापौरांनी खुशीने खेळाडूंना दहा-दहा डॉलरची सोन्याची नाणी वाटली. झालं! खेळासाठी पैसे घेतले म्हणून संघटनेने संघाला बाहेर काढलं. तेव्हा हौशी खेळ म्हणजे सोवळं, पैशाला हात लागला की ओवळं. गिब्सन पुढे डेट्रॉइटला दंतवैद्यक शिकला, हॉटनला दवाखाना थाटला, आणि तिथल्या जेम्स डी या व्यावसायिकाबरोबर हॉकीतली पहिली उघडपणे पगारी लीग उभी केली. संघ पाच: हॉटनचा 'पोर्टेज लेक्स', कॅल्युमेट, पिट्सबर्ग आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची सू सेंट मेरी ही जुळी गावं. लीग चालली तीन हंगाम. १९०७ पर्यंत कॅनडातल्या संघांनीही उघड पैसे द्यायला सुरुवात केली होती. मग बर्फाच्छादित खाणगावात कोण कशाला जाईल?

या लीगमध्ये फ्रेड 'सायक्लोन' टेलर खेळला. १९०६ च्या सुरुवातीला तो हॉटनला आला तो उरलेल्या हंगामाचे ४०० डॉलर अधिक खर्च या बोलीवर. १९०७ मध्ये ऑटावाच्या संघाने त्याला ओढलं ते मानधनाबरोबर सरकारी नोकरी देऊन, आणि ती नोकरी होती इमिग्रेशन खात्यात. पुढे तो व्हँकुव्हरकडून खेळू लागला, नोकरी चालूच. आता पुढचं वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. १९१४ च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' हे ३७६ हिंदी प्रवाशांचं जहाज व्हँकुव्हरला आलं. त्यातले बहुतेक पंजाबातले शीख. त्यांना उतरू दिलं नाही, दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून परत पाठवलं, आणि कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या जहाजावर सगळ्यात आधी चढलेला कॅनेडियन अधिकारी हाच, सायक्लोन टेलर. पुढच्याच वर्षी त्याने व्हँकुव्हरला स्टॅन्ले कप जिंकून दिला. दिवसा खातं, रात्री बर्फ. आपल्याकडे कंपनीच्या संघातून क्रिकेट खेळणाऱ्यांना हे गणित नवीन नाही, फक्त इथे त्या खात्याच्या कामात आपलेच लोक सापडले.

आता एकदम चाळीसच्या दशकात येऊ. १९४२ पासून १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. जुने रसिक या काळाबद्दल फार हळवे होऊन बोलतात. पण जरा हिशोब करा. सहा संघ, प्रत्येकी वीसएक खेळाडू, म्हणजे अख्ख्या खंडात पहिल्या दर्जाच्या नोकऱ्या सव्वाशेच्या आत. गोलरक्षक तर संघागणिक मुख्य असा एकच. म्हणजे जगातला सातवा सर्वोत्तम गोलरक्षक असलात तरी तुमची जागा मायनर लीगमध्ये! जॉनी बॉवरचं तेच झालं. १९५३-५४ चा एक हंगाम न्यूयॉर्क रेंजर्सकडून तो पूर्ण खेळला, आणि परत खाली. एकूण दहाबारा वर्षं मुख्यतः क्लीव्हलंडसारख्या ठिकाणी काढली. १९५८ साली टोरांटोने घेतलं तेव्हा तो चौतिशीला टेकला होता. त्यानंतर चार स्टॅन्ले कप.

बॉवर वर गेला म्हणून आपल्याला माहीत. जे गेले नाहीत त्यांना दुसरीकडे जाण्याचीही सोय नव्हती. कोवळ्या वयात मुलाकडून 'सी-फॉर्म' नावाच्या कागदावर सही घ्यायचे, हातावर शंभरेक डॉलर ठेवायचे, आणि मग तो मुलगा त्या क्लबचा. क्लब विकेल तिकडे जायचं, ठेवेल तिथे राहायचं. आमच्या कंपन्यांमध्ये फ्रेशरकडून दोन वर्षांचा बॉन्ड लिहून घेतात तर आम्ही कॅन्टीनमध्ये केवढी बोंबाबोंब करतो! या बॉन्डला मुदतच नव्हती.

मालकाच्या हातात एवढी सत्ता असली की काय होतं, ते पाहायला मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड पाहावं. तिथला एएचएलचा संघ १९३९ साली एडी शोरने घेतला. शोर म्हणजे बोस्टनचा एकेकाळचा अत्यंत नावाजलेला, तितकाच दांडगट बचावपटू. मालक म्हणून तो दंतकथाच झाला. गोलरक्षक खाली पडून पक अडवतो हे त्याला आवडायचं नाही, म्हणून सरावात त्याला दोरीने गोलच्या आडव्या दांडीला बांधून ठेवायचा. ज्यांना सामन्यात घेतलेलं नसे त्यांना स्टेडियमचे दिवे बदलायला, पॉपकॉर्न विकायला, फुगे फुगवायला लावायचा. या मंडळींना 'ब्लॅक एसेस' म्हणत. (बेंचवर असताना मला एकदा सीट अलोकेशनचं एक्सेल भरायला बसवलं होतं. मी तक्रार मागे घेतो.) हे सांगताना लोक हसतात. पण याच संघाने १९६०, ६१ आणि ६२ अशी लागोपाठ तीन वर्षं एएचएलचा कॅल्डर कप जिंकला होता. म्हणजे फुगे फुगवणारे लोक साधेसुधे खेळाडू नव्हते.

डिसेंबर १९६६ मध्ये शोरने तिघांना खेळात लक्ष नाही असं सांगून बिनपगारी निलंबित केलं, आणि उरलेल्या संघाने खेळायला नकार दिला. मायनर लीगच्या खेळाडूंनी संप करायचा म्हणजे काय, ते जरा लक्षात घ्या. ना संघटना, ना शिल्लक, ना दुसरी नोकरी. शोरने ठरवलं असतं तर त्यातल्या कुणालाही कायमचं घरी बसवता आलं असतं. त्यांनी टोरांटोच्या ॲलन ईगलसन या तरुण वकिलाला बोलावलं. नुकताच बोस्टनमध्ये आलेल्या बॉबी ऑरचा करार त्यानेच केला होता. शेवटी शोरला रोजच्या कारभारातून बाजूला व्हावं लागलं. या यशाच्या जोरावर ईगलसन एनएचएलच्या खेळाडूंकडे गेला आणि जून १९६७ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. मायनर लीगवाल्यांची वेगळी संघटनाही त्याच वर्षीची.

म्हणजे वरच्यांना हक्क मिळाले ते खालच्यांनी आधी नोकरी पणाला लावली म्हणून. हे क्रम उलटा करून सांगितलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं. आणि पुढचा भाग तर कुणाला सांगावासाच वाटत नाही: ज्या ईगलसनवर सगळ्यांनी विश्वास टाकला, तो १९९८ साली खेळाडूंच्या पैशांच्या अफरातफरीत दोषी ठरून तुरुंगात गेला.

१९६७ ला एनएचएल सहावरून बारा संघांची झाली. नोकऱ्या एका फटक्यात दुप्पट! स्प्रिंगफील्डच्या त्याच संघातला ब्रायन किलरी लॉस एंजेलिसकडे गेला आणि त्या संघाच्या इतिहासातला पहिला गोल त्याच्या नावावर लागला. बिल व्हाइट १९७२ मध्ये रशियाविरुद्ध कॅनडाकडून खेळला. हे लोक काल दिवे बदलत होते.

विली ओरीला मात्र ही वाट बंद होती. १८ जानेवारी १९५८ ला तो बोस्टनकडून माँट्रियलमध्ये उतरला, एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्या दोन वर्षं आधी पक लागून त्याचा उजवा डोळा जवळजवळ गेला होता. एक डोळा गेलेल्याला एनएचएलचा नियम खेळू देत नसे. त्याने ते कुणाला सांगितलंच नाही. एनएचएलमध्ये सामने मिळाले एकूण ४५, बाकी सगळी कारकीर्द खाली. डाव्या बाजूला खेळताना मैदान त्याच्या उजव्या, म्हणजे आंधळ्या बाजूला यायचं. दर वेळी मान पूर्ण वळवावी लागे. लॉस एंजेलिस ब्लेड्समध्ये त्याला उजव्या बाजूला हलवलं, आणि हा गडी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा झाला! नंतर सॅन डिएगोला असताना पुन्हा एकदा. १९७९ साली थांबला तेव्हा वय ४३. पुढे तिथल्याच एका मोठ्या हॉटेलात सुरक्षा विभागात नोकरी केली. हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २०१८ साली. त्याच्या ४५ सामन्यांवर लेखांचा ढीग आहे. एका डोळ्याने वीसएक वर्षं कसं निभावलं, हा खरा विषय, त्यावर दोन ओळी असतात.

'स्लॅप शॉट' (१९७७) हा पॉल न्यूमनचा सिनेमा पाहिला नसेल तर जरूर पाहा, शिव्यांची तयारी ठेवून. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या गावातल्या 'जेट्स' संघात नेड डाउड नावाचा मुलगा खेळत होता. त्याने बहिणीला, नॅन्सीला फोन करून सांगितलं की संघ विकायला काढलाय. तिने विचारलं, मालक कोण? त्याला माहीतच नव्हतं! त्यातून नॅन्सीने पटकथा लिहिली. सिनेमात न्यूमन शेवटी मालकिणीला शोधून काढतो, आणि ती शांतपणे सांगते की विकण्यापेक्षा बंद करणं टॅक्सच्या दृष्टीने बरं. खऱ्या जॉन्सटाउनमध्ये जुलै १९७७ ला मोठा पूर आला आणि जेट्स बंद पडले. सिनेमातल्या संघाचं नाव होतं 'चीफ्स'. १९८८ मध्ये ईसीएचएल पाच संघांनी सुरू झाली तेव्हा जॉन्सटाउनच्या संघाने तेच नाव घेतलं. २०१० ला तोही गाव सोडून गेला.

कनेक्टिकटमधल्या डॅनबरीचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००४ साली तिथल्या कचरा वाहतुकीच्या धंद्यातल्या जेम्स गलान्टेने संघ काढला आणि सतरा वर्षांच्या मुलाला त्याचा जनरल मॅनेजर केलं. संघाचं नाव 'ट्रॅशर्स', प्रामाणिकपणे. लीगची पगारमर्यादा पावणेतीन लाख डॉलर. ती चुकवायला खेळाडूंना आणि त्यांच्या बायकांना कचऱ्याच्या कंपनीत नावापुरत्या नोकऱ्या. २००६ मध्ये केंद्र सरकारने खटला भरला, संघ बंद, आणि २००८ मध्ये गलान्टेने गुन्हा कबूल केला. शिक्षा ८७ महिने. सायक्लोन टेलरला खेळासाठी नोकरी दिली होती ती निदान खरी तरी होती.

ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याच्या हिशोबाने, हंगामापुरताच मिळतो आणि राहायची सोय संघाकडे असते. उन्हाळा ज्याचा त्याने बघायचा. तिथे साउथ कॅरोलिनाकडून जॅरेड बेडनार बरीच वर्षं बचावपटू म्हणून खेळला, १९९७ आणि २००१ ला लीगचा केली कप जिंकला. एनएचएलमध्ये एकही सामना नाही. २००९ ला त्याच संघाचा प्रशिक्षक म्हणून पुन्हा केली कप, २०१६ ला एएचएलचा कॅल्डर कप, आणि २०२२ ला कोलोरॅडोसोबत स्टॅन्ले कप. प्रशिक्षक म्हणून हे तिन्ही जिंकणारा तो पहिला.

असो, बरंच लांबलं. फोर्ट वेनच्या बाजूला ऑनसाइट लागली तर शनिवारची मॅच चुकवू नका, आणि जाकीट घेऊन जा. आत बाहेरच्याइतकीच थंडी असते.