करंजाचं तेल अन् चिमूटभर पूड

परवा इंजिनिअरिंगचा एक पोरगा म्हणाला, "काका, करंजाच्या बायोडिझेलमध्ये नॅनो पूड टाकून इंजिन चालवतोय. बातमी कराल का?" करीन की. पण मला वीसेक वर्षांपूर्वीची माझीच एक बातमी आठवली.

डिझेल इंजिनाला वनस्पती तेल नवं नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. तेल घट्ट असतं ही अडचण. मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की पातळ बायोडिझेल मिळतं. आपल्या नागपुरात तर १९४२ पासून एलआयटी आहे, तेलाचं तंत्रज्ञान शिकवणारी. ज्ञान कमी नव्हतं.

३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल घालून धावली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं मोगली एरंडाची शिफारस केली. पडीक जमीन चालते, पाणी नको, जनावर तोंड लावत नाही! मीही ते जसंच्या तसं छापलं. ते वाचून एका शेतकऱ्यानं धुऱ्यावर रोपं लावली. तीन वर्षांनी गेलो तर झाडं हिरवीगार, बिया ओंजळभर. पाण्यावाचून हे झाड जगतं, पण बी भरत नाही. शेतकरी मला काही बोलला नाही, चहा पाजला. तेच जास्त लागलं. पुढे २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण ठरवलं. २०१८ च्या धोरणात ते ५ टक्क्यांवर आलं, मुदत २०३०.

त्याच काळात आपल्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पॉवरगुडा या आदिवासी गावात, बचत गटाच्या बायका करंजाच्या बियांचं तेल काढत होत्या. डिझेलऐवजी हे तेल वापरून वाचणाऱ्या १४७ टन कार्बन डायऑक्साइडपोटी २००३ मध्ये जागतिक बँकेनं त्यांना ६४५ डॉलर दिले. रक्कम किरकोळच, पण झाडं गावाची होती, तेलही गावातच निघत होतं.

आता ही नॅनो पूड. बहुधा सिरियम ऑक्साइड वापरतात, दहा लाख भाग इंधनात पन्नास-शंभर भाग. जळताना ती ऑक्सिजन पुरवते, काजळी कमी होते. मात्र पूड स्वतः जळत नाही. धुरासोबत बाहेर पडली तर आपल्याच छातीत जाणार.

पोराला विचारलं, तेल आणलं कुठून?

"दुकानातून, काका. पाच लिटर."

त्याच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर करंजाची रांग आहे. शेंगा रोज झाडून जाळतात.