मेल्यावर काय, आणि मेलेल्यांसाठी काय : एक प्रस्तावना

गणपती गेले की कोकणातल्या आरोंद्यात म्हाळाचे, म्हणजे पितृपक्षाचे, दिवस येतात. भाद्रपदाचा वद्य पक्ष, पाऊस पुरता सरलेला नसतो, आणि घरोघर आपापली तिथी. मुंबईच्या चाकरमान्याला रजा मिळाली तर तो थांबतो, नाहीतर पैसे पाठवतो. केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचे सांबारे, भाजी, खीर असे सगळे वाढून 'वाडी' बाहेर ठेवली जाते आणि घरातला कर्ता पुरुष कावळ्याची वाट बघत उभा राहतो. हे वाढलेले असते आजासाठी, पणजासाठी, किंवा ज्याचे नावही आता कुणाला सांगता येत नाही अशा मूळपुरुषासाठी. या कर्त्या पुरुषाला विचारून बघा, की आजो आता असा खंय? पितृलोकात, असे तो म्हणेल. मग अंगणात खेळणाऱ्या नातवाकडे बोट दाखवून आजाच परत आलाय, असेही म्हणेल. आणि जरा वेळाने 'कोण बघून इलो?' असे म्हणून हसेल.

तिन्ही उत्तरे एकाच माणसाची, एकाच सकाळची. स्वर्ग, परलोक आणि नास्तिक्य यांच्या अभ्यासात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याने या माणसापासून सुरुवात करावी, कारण तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. 'तुम्ही मानता की नाही?' या प्रश्नाने या विषयाचे फार नुकसान केले आहे. मेल्यावर काय होते याबद्दल लोक काय बोलतात तो हिशेब वेगळा, आणि मेलेल्यांसाठी लोक काय करतात तो वेगळा. दोन्ही वह्या जुळत नाहीत, आणि जुळाव्यात अशी सक्ती आपल्याकडे कुणी कधी फारशी केलेली नाही. या विषयातली खरी गंमत त्या न जुळण्यातच आहे.

आजा नातवाच्या रूपाने आला असेल तर वाडी कोण खातो? ही शंका आजच्या शाळकरी पोराची नव्हे. जुन्या शास्त्रकारांनी ती स्वतःच उभी केली आणि पुराणाने उत्तरही दिले : पितर देव झाला असेल तर त्याला ते अन्न अमृत होऊन पोचते, पशू झाला असेल तर गवत होऊन. यावर चार्वाकांची जी थट्टा चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त नोंदलेली आहे, ती आजही चोख वाटते. इथे वाढलेले जर परलोकी पोचत असेल, तर गावाला निघालेल्याने शिदोरी बांधून कशाला न्यावी? घरी कुणीतरी जेवले की झाले. गंमत अशी की ही थट्टा आपल्यापर्यंत पोचवली ती माधवाचार्य नावाच्या वेदान्त्याने. नास्तिकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले. जे उरले ते प्रतिपक्षाच्या पानांवर. नवख्या वाचकाने ही अडचण कायम ध्यानात ठेवावी. चार्वाक आपल्याला भेटतात ते नेहमी दुसऱ्याच्या घरी. मराठीत त्यांची विखुरलेली चरित्रसामग्री सदाशिव आठवले यांनी गोळा केली आणि आ. ह. साळुंखे यांनी ती वेगळ्या बाजूने वाचली. दोघे वाचावेत, एकामागून एक.

दुसरी गोष्ट अशी की नाकारणे हे एकच कृत्य नाही. ईश्वर नाकारणे, आत्मा नाकारणे, परलोक नाकारणे आणि कर्मकांड नाकारणे ही चार निराळी नाकारणी आहेत आणि ती हवी तशी एकमेकांत मिसळतात. जैमिनीच्या परंपरेतले मीमांसक यज्ञाचे फळ म्हणून स्वर्ग ठामपणे मानतात, पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांना लागत नाही. बौद्धांना पुनर्जन्म चालतो, नित्य आत्मा चालत नाही. जैनांकडे आत्मे अनंत आहेत, सृष्टिकर्ता एकही नाही. युरोपात देव आणि स्वर्ग इतके एका गाठोड्यात बांधलेले होते की एक सोडला की दुसरा आपोआप सुटे. तिकडचे प्रश्न तसेच इकडे आणून विचारले तर आपल्या माणसांची उत्तरे गोंधळलेली वाटतात. गोंधळ प्रश्नात असतो.

शंका बाहेरून आली, असाही एक समज आहे. कठोपनिषदात नचिकेता प्रत्यक्ष यमाच्या दारात बसून विचारतो, की मेल्यावर माणूस असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, खरे काय? आणि यम, ज्याला हे ठाऊक असायलाच हवे, तो म्हणतो की देवांनाही याबद्दल शंका होती, तू दुसरे काहीतरी माग. बुद्धाच्या काळचा अजित केसकंबली तर सरळच सांगे की माणूस चार भुतांचा बनलेला, मेला की माती मातीत आणि पाणी पाण्यात.

माझ्या मते या सगळ्या वाङ्मयातला सर्वांत मनोहर नमुना दीघनिकायातल्या पायासी सुत्ताचा आहे, आणि त्यावर जरा थांबणे भाग आहे. सेतव्या नगरीचा पायासी हा राजन्य परलोक मानत नाही. पण तो नुसता वाद घालत नाही, तो तपासून बघतो. मरणाला टेकलेल्या पापी नातेवाइकांना तो बजावतो, की नरकात गेलात तर परत येऊन मला सांगा. कुणी येत नाही. मग पुण्यवान नातेवाइकांना सांगतो, की स्वर्गात पोचलात तर निरोप द्या. तेही येत नाहीत. शिक्षा झालेल्या चोराला तो जिवंतपणी रांजणात कोंबून तोंड लिंपून टाकतो, आणि मेल्यावर हळूच फोडून जीव बाहेर पडताना दिसतो का ते बघतो. एकाला मरणापूर्वी आणि नंतर तराजूत घालतो, तर मेलेला उलट जड भरतो. प्रयोग क्रूर आहेत, यात वाद नाही. पण पुराव्याची ही हाव अस्सल आहे. भिक्षू कुमारकस्सप त्याला उत्तरे देतो : नरकातल्या कैद्याला पहारेकरी सुट्टी देत नाहीत, आणि तेहतीस देवांच्या लोकातला एक दिवस माणसाच्या शंभर वर्षांचा, तेव्हा तुझे नातेवाईक तिथे 'दोन दिवस राहून मग जाऊ' म्हणेपर्यंत तू कुठला उरतोस? शेवटी पायासी हरतो. बौद्ध ग्रंथच तो, हरणारच. मात्र त्याचे प्रश्न पुसून टाकावेत असे ते सुत्त रचणाऱ्याला वाटले नाही. १९०७ साली अमेरिकेत डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरने मरणाऱ्या रोग्यांना खाटेसकट काट्यावर ठेवून केलेले प्रयोग छापले आणि आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम काढले. पायासीचा मुडदा जड झाला, मॅकडूगलचा हलका. मोजमापे सोडली तर दोन हजार वर्षांत प्रश्न फारसा हललेला नाही.

मराठी भक्तिपरंपरेत शिरलो की आणखी एक वळण येते. स्वर्ग आहे, पण नको, असे म्हणणारे लोक इथे भेटतात. गीतेच्या नवव्या अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वर स्वर्गाला जवळपास खड्यासारखा बाजूला काढतात. पुण्य संपले की ढकलून देणारे ठिकाण, आणि तिथे नेणारे पुण्यही त्यांच्या लेखी एक प्रकारचे पापच. तुकारामांना तर मोक्षापेक्षा पुन्हा जन्म घेऊन भक्ती करणे बरे वाटते. परम आस्तिक माणसे स्वर्गाची अशी खिल्ली उडवत असतील, तर 'स्वर्गावर विश्वास' ही धार्मिकतेची खूण म्हणून कशी वापरायची?

आरोंद्याच्या पट्ट्यात तर स्वर्ग फार विरळ आहे. दान्तेने नऊ स्वर्ग एकावर एक रचले. आमच्या दशावतारात इंद्रसभा म्हणजे एक बाकडे. त्यावर इंद्र बसला की स्वर्ग, संकासुर बसला की पाताळ. उलट इथल्या मेलेल्यांना पत्ते आहेत. देवचार अमुक पाणंदीला, मुंजा अमुक पिंपळावर, गिऱ्हा पाण्याच्या काठी. जवळच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि म्हणून त्याच्या चामड्याच्या भल्यामोठ्या चपला झिजतात, असे सांगत भाविक नव्या चपला अर्पण करतात. सातेरी वारुळात, पूर्वस देवळाच्या आवारात, पितर कावळ्यात. वर कुणी फारसे गेलेलेच नाही. गाऱ्हाणे घालणारा ज्यांची नावे घेतो ते सगळे हाकेच्या अंतरावरचे, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्या घोळक्याला त्यात नवल वाटत नाही. रा. चिं. ढेऱ्यांचे 'लज्जागौरी' वाचल्यावर सातेरीच्या वारुळाकडे बघण्याची नजर बदलते. त्याच नजरेने पितरांकडे बघणारे पुस्तक मराठीत अजून यायचे आहे.

किरणपाण्याला तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्याचा पेडणे तालुका. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते १७८८ साली, म्हणजे नव्या काबिजादीत आणि उशिरा. जुन्या काबिजादीत इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानाने जन्म, लग्न आणि मरण यांतल्या कितीतरी देशी चालीरीती बंद केल्या. पेडण्याच्या वाट्याला तो जाच तसा आला नाही. म्हणून खाडीच्या दोन्ही काठांवर म्हाळ सारखाच दिसतो. पण दक्षिणेकडच्या ख्रिस्ती गावांत लग्नाआधी घरातल्या मृतांच्या नावाने गरिबांना जेवू घालण्याची चाल आहे, तिला भिकाऱ्यांचे जेवण म्हणतात. तिथला सिद्धान्त शुद्धिस्थानातल्या आत्म्यांचा, इथला पितृलोकाचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पान मात्र दोघांनीही मेलेल्याच्या नावाने वाढले. मुसलमान घरांत शब-ए-बरातला कबरीवर जाऊन फातेहा पढतात, आणि ते करावे की करू नये यावर त्यांच्यातही वाद आहेतच.

आता न करणाऱ्यांकडे येऊ. मराठी नास्तिक्याचा इतिहास हा बहुतांशी काही गोष्टी न करण्याचा इतिहास आहे, आणि त्याची किंमत करण्यापेक्षा जास्त पडली. १८८८ साली 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांची पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. फुल्यांनी निर्मिक मानला, पण भटभिक्षुकांच्या हातचे श्राद्ध आणि स्वर्ग-नरकाची भीती नाकारली. म्हणजे ते आस्तिक आणि तरीही वाडीविरोधी. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. पितृलोक आहे की नाही यावर तिथे प्रवचन नाही. काय करणार नाही, एवढेच आहे. मला वाटते, या विषयाचे मर्म इतक्या नेमकेपणाने कुठल्याही अभ्यासकाला सापडलेले नाही. तर्क मनात ठेवून माणूस आयुष्यभर पिंड पाडत राहू शकतो. पिंड पाडायचे थांबवले की नातीगोती, गाव, मानपान सगळे हलते. कोकणातल्या बौद्ध घरांनी ते थांबवले, आणि शेजारच्या वाडीत म्हाळाचा स्वयंपाक चालू असताना थांबवले. त्या दिवसाचा वृत्तान्त म्हाळाच्या वृत्तान्ताइतकाच बारकाईने लिहायला हवा.

नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव-धर्माबाबत तटस्थ राहून फक्त शोषणाला विरोध केला, तरी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे देशभर सुमारे ३३ हजार निघाले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा. हा आकडा मी कुणाला मोठ्या विश्वासाने सांगत नाही. देव न मानणारी, पण आईचे मन मोडू नये म्हणून दहाव्याला नदीवर उभी राहणारी माणसे त्यात कुठे असणार?

दहाव्याचा तो प्रसंग जवळून बघण्यासारखा असतो. पिंड ठेवलेला, कावळे झाडावर, आणि एकही खाली येत नाही. मग कुजबुज सुरू होते. धाकटीच्या लग्नाची काळजी असेल. कर्ज राहिले असेल. जमिनीचे बोलून गेला नाही. एकजण पुढे होऊन मोठ्याने कबूल करतो, की मी बघतो, काळजी करू नको. कावळा शिवतो. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून लावतात आणि घरी जातात. या पंधरा मिनिटांत भावाभावांतले जे व्यवहार सर्वांसमोर ठरतात, ते वकिलाकडेही ठरत नाहीत. कावळ्यावर कुणाचा किती विश्वास होता, हा इथे शेवटचा प्रश्न.

इंग्रज अंमलदारांनी याच पट्ट्याची माहिती गोळा केली तेव्हा नेमका हा भाग सुटला. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागवली होती. १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि पुढे एन्थोवेन यांनी ती टिपणे १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचे पुस्तक म्हणून छापली. भुतांच्या जाती, उपाय, उतारे यांचे ते अजूनही खजिनाच आहे. पण मास्तरांना कुणी विचारले नव्हते, की गावात हे न मानणारा कोण आणि तो म्हाळाला जेवायला जातो का. शास्त्रार्थाची बाजू हवी असेल तर चिपळूणजवळच्या पेढ्याचे पां. वा. काणे आहेत, त्यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास'च्या चौथ्या खंडात अन्त्येष्टी आणि श्राद्ध यांचे इतके पाठभेद आहेत की 'आमच्यात असेच असते' हे वाक्य पुन्हा उच्चारायची हिंमत होत नाही. एन्थोवेन आणि काणे शेजारी ठेवून वाचावेत.

नव्याने येणाऱ्यांसाठी काम भरपूर पडले आहे. वाडीचा स्वयंपाक बाईचा, पिंड पुरुषाचा. तिला परलोकाविषयी काय वाटते हे जुन्या नोंदींत जवळजवळ नाही. मुंबईच्या सदनिकेत वाडी कुठे ठेवतात, खिडकीच्या जाळीवर की गच्चीत, आणि कावळ्याऐवजी कबुतर आले तर काय धरतात? देहदान केलेल्याच्या घरी दिवस घालतात का, आणि घातले तर भटजी कुठला विधी सांगतात? यांची उत्तरे मिळवायची तर पितृपक्षात जावे, जेवायच्या आधी जावे, आणि मानता का हे विचारू नये. कोणी रांधले, कोणासाठी, कोण आले नाही आणि का, एवढे विचारावे. बाकीचे लोक आपण होऊन सांगतात.